जोंधळ्याचा डोंगर

आम्ही जोन्नगिरीला गेलो ते सोन्यासाठी नव्हे, अक्षरांसाठी. हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. कारण पुढे जे लिहायचे आहे त्यात सोनेच अधिक येणार आहे, आणि मराठीच्या प्राध्यापकांनी खाणींविषयी लिहिणे हा अधिकाराचा अतिक्रम आहे असे कोणी म्हटले तर ते आम्हांला मान्यच आहे. एकाच महाविद्यालयात आम्ही दोघे पतिपत्नी मराठी शिकवतो. पदव्युत्तर वर्गाला भाषेचा इतिहास शिकवताना दरवर्षी फळ्यावर ब्राह्मीतील चार अक्षरे काढायची आणि पुढे सरकायचे, हे वीसेक वर्षे केल्यावर निदान एकदा ती अक्षरे दगडावर पाहावीत असे वाटले. म्हणून २०२३ च्या जूनमध्ये, महाविद्यालय उघडण्यापूर्वीचे चार दिवस काढून, लातूरहून रायचूरमार्गे गुंतकल आणि तेथून येर्रगुडी असा प्रवास केला.

येर्रगुडी आंध्र प्रदेशातील कर्नूल जिल्ह्यात, गुत्तीहून पत्तिकोंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. रस्त्यापासून थोड्या अंतरावर ठेंगणी टेकडी, तिच्यावर एकमेकांना टेकून बसल्यासारखे प्रचंड पाषाण आणि त्या पाषाणांवर अशोकाचे लेख. मोठे चौदाही लेख येथे आहेत आणि लहान लेखही. लहान लेखाची मौज अशी, की त्याच्या काही ओळी डावीकडून उजवीकडे आणि काही उजवीकडून डावीकडे कोरलेल्या आहेत. नांगराचे एक तास इकडून तिकडे गेले की बैल वळतात आणि दुसरे तास तिकडून इकडे येते, त्या रीतीने. कोरणारा चुकला, की दोन लिपींच्या सवयी त्याच्या हातात भांडत होत्या, यावर विद्वानांनी लिहिले आहे. आम्ही तेथे दोन तास होतो. शिकवण्यासाठी जे हवे ते मिळाले. त्याविषयी स्वतंत्रपणे कधीतरी लिहू.

प्रवासाची दिशा बदलली ती एका लहानशा तपशिलामुळे. येर्रगुडीचा लेख १९२९ मध्ये उजेडात आला तो अनु घोष या भूवैज्ञानिकामुळे. तो कोणा पुराभिलेखतज्ज्ञाला वा संस्कृत पंडिताला सापडलेला नव्हे. त्याआधी, १९१५ मध्ये, रायचूर जिल्ह्यातील मस्कीचा लेख सापडला होता. अशोकाचे लेख ‘देवानांप्रिय प्रियदर्शी’ या बिरुदांनी बोलतात. ते बिरुद धारण करणारा राजा अशोकच, हे मस्कीच्या लेखातील नावाने पक्के झाले. तो लेख शोधणारे सी. बीडन हे सोन्याच्या खाणींचे अभियंते. म्हणजे ज्या दोन दगडांवर आम्ही वर्गात तासच्या तास बोलतो, ते दगड आम्हांला खनिजे हुडकणाऱ्यांनी दिले. त्यांची नजर दगडात सोन्याची शिर शोधत फिरत होती आणि तिला अक्षरे दिसली. वाङ्मयाच्या इतिहासात या ऋणाचा उल्लेख आम्ही तरी क्वचितच वाचला आहे.

आता हा योगायोग म्हणावा, तर तोही पुरता नाही. मस्कीच्या शेजारी हट्टी आहे. तेथील जुन्या खाणींतून निघालेल्या लाकडी आधारांचे वय किरणोत्सर्गी कार्बनच्या पद्धतीने सुमारे दोन हजार वर्षे भरले, आणि त्या खाणी सहाशे फुटांहून खोल गेलेल्या होत्या. खडकाला आग लावून तापवायचे, तडकवायचे आणि फोडायचे, ही त्या काळची रीत. येर्रगुडीच्या शेजारी जोन्नगिरी आहे. चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरीच्या लेखात ‘सुवर्णगिरी’ येथून आर्यपुत्राने आणि महामात्रांनी आज्ञा पाठवल्याचे येते. ती सुवर्णगिरी म्हणजे मौर्यांची दक्षिणेतील राजधानी. ती कोणती, याविषयी मतभेद आहेत. कोणी मस्कीच्या दक्षिणेचे कनकगिरी सुचवले, कोणी जोन्नगिरी. सम्राटाने धर्माज्ञा कोरण्यासाठी सोन्याच्या वाटेवरचे खडक निवडले, आणि दोन हजारांहून अधिक वर्षांनी सोन्याच्या वाटेने आलेल्या माणसांना ते पुन्हा दिसले, इतके म्हणायला हरकत नसावी.

जोन्नगिरी या नावाने मात्र आम्हांला अडवले. ते ‘सुवर्ण’, ‘सोन्न’ यांवरून आले असे म्हणतात. पण तेलुगूत ‘जोन्न’ म्हणजे ज्वारी. लातूरकडची जुनी माणसे ज्वारीला जोंधळा म्हणतात. जोन्न आणि जोंधळा यांचे नाते कानाला लगेच पटते (कानाला पटले म्हणजे सिद्ध झाले असे नव्हे, हे विद्यार्थ्यांना आम्हीच बजावतो). तेव्हा हा सोन्याचा डोंगर, की जोंधळ्याचा? शब्दाचे एवढेच वळण असते तर एक टिपण लिहून आम्ही मोकळे झालो असतो. पण मराठीत सोने आणि जोंधळा एकत्र येण्याचे एक ठिकाण आहे. जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या सोन्याच्या मण्यांचा एक दागिना असतो. त्याला जोंधळी पोत म्हणतात. त्या पोतीचे काही मणी आमच्या घरी आहेत. ते आमचे आहेत की नाहीत, हा या लेखाचा एक प्रश्न आहे.

येर्रगुडीहून जोन्नगिरीकडे जाताना दोन्ही बाजूंच्या शेतांत माणसे दिसली. पेरणी अजून झालेली नव्हती. पहिला पाऊस पडून गेला होता, तांबूस माती धुऊन निघाली होती, आणि बायका, पुरुष, पोरे कमरेत वाकून, नजर जमिनीला खिळवून हळूहळू चालत होती. एखादी वस्तू हरवल्यावर सारे घर मिळून शोधते, तसे. रिक्षावाल्याने सांगितले : हिरे. कर्नूल-अनंतपूरच्या या पट्ट्यात पावसाने माती वाहून गेली की कधी कधी हिरा वर येतो. जवळच वज्रकरूरला हिरे वर आणणाऱ्या किंबरलाइट खडकाच्या नळ्या आहेत. एखाद्याला लाखांचा हिरा सापडल्याची बातमी दरवर्षी वर्तमानपत्रात येते. सापडला नाही त्यांची अर्थातच येत नाही. आम्ही उतरलो. बल्लारीकडून आलेल्या एका बाईंशी मोडक्या कन्नडात आणि हिंदीत बोललो. मुलांना घेऊन आठ दिवसांपासून देवळाच्या ओसरीवर राहत होत्या. खडा सापडला तर कोणाचा, असे विचारले. ‘सापडू तर दे,’ असे काहीसे त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या. शेताच्या मालकाने बांधावर आत येऊ नये अशी पाटी लावली होती. ती कोणी वाचत नव्हते.

त्याच रानापलीकडे सोन्याची खाण उभी राहत होती.

ती पाहायला आम्हांला आत कोणी सोडले नाही, सोडण्याचे कारणही नव्हते. दुरून मातीचे ढीग, लोखंडी सांगाडे आणि वाहनांची धूळ एवढेच दिसले. परतल्यावर मिळेल ते वाचले. भूविज्ञानाच्या शब्दांसाठी मराठी विश्वकोश उघडला, आणि पट्टिताश्म, सुभाजा, हरितपाषाण अशा शब्दांनी आम्हांला काही दिवस खरोखरच आनंद दिला. ते शब्द घडवणाऱ्यांनी भाषेवर केवढे उपकार केले आहेत! ते फारसे कोणी वापरत नाही ही गोष्ट निराळी.

जी समजूत झाली ती अशी. आपल्या मराठवाड्याचा काळा पाषाण हा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेला लाव्हा. आपण त्याला फार प्राचीन समजतो. जोन्नगिरीचा खडक अडीच ते पावणेतीन अब्ज वर्षांचा आहे, म्हणजे बेसाल्टच्या सुमारे चाळीसपट जुना. धारवाडी खडकांचा हा पूर्वेकडील भाग. समुद्रतळावर ओतलेले लाव्हा पुढे दाबाने, उष्णतेने बदलून हिरवट झाले, उभे दुमडले गेले आणि भोवतीच्या ग्रॅनाइटी खडकांच्या सागरात अरुंद लांबट पट्ट्यांच्या रूपाने उरले. कोलार हा असा एक पट्टा, हट्टी-मस्की हा दुसरा, जोन्नगिरी हा तिसरा आणि त्यांच्या मानाने लहानसा. खोल भूकवचातून गरम, खनिजयुक्त पाणी वर येत होते. त्यात गंधकाशी जोडी करून सोने विरघळलेले होते. जेथे खडक भूहालचालींनी घासून, चिरून भेगाळलेला होता तेथे ते पाणी शिरले, दाब उतरला, गंधकाने लोखंडाशी संधान बांधले आणि सोन्याची साथ सोडली. सोने गारगोटीच्या शिरांत आणि सोनमाखीच्या कणांसोबत बसून राहिले. कोलारला आणि हट्टीला ते मुख्यतः जुन्या लाव्हापासून झालेल्या गडद खडकांत सापडते. जोन्नगिरीला मात्र ग्रॅनाइटच्या जातकुळीतील ग्रॅनोडायोराइट या खडकात, त्याच्या चिरडलेल्या पट्ट्यांत ते मुख्यतः आहे. या खडकात सोने शोधण्याची पूर्वी फारशी रीत नव्हती.

आणि किती आहे? टनामागे दीड-दोन ग्रॅम. आमच्या हिशेबी डोक्याला ही संख्या कळेना, म्हणून आम्ही ती जुन्या मापांत आणली. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. एक टन दगड फोडून, दळून, सायनाइडच्या पाण्यात मुरवून हाती येते ते बारा-पंधरा गुंजा. जोंधळी पोतीचा एक मणी दोन गुंजांचा धरला तर एका मण्यामागे दीडशे किलो दगड. डोळ्यांना सोने कोठेच दिसत नाही. डोंगर सोन्याचा म्हणावा इतके ते आहे, आणि हातात धोंडा घेतला तर तो जोंधळ्याच्या शेतातला धोंडाच आहे. हा खडक दिसला नसला तरी आमच्या पायांखालीही त्याची भावकी आहे. १९९३ नंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र पाडण्यात आले. ३३८ मीटर बेसाल्ट, मग आठ मीटर गाळाचे थर, आणि त्याखाली तो अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइटी पाया. आमच्या जिल्ह्याच्या जमिनीखाली नेमके काय आहे हे आम्हांला समजले ते जमीन हलल्यानंतर.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटे चार वाजायच्या बेताला भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे होती. ती माणसांसह बसली. आमच्यापैकी एकीची मावशी आणि तिचे यजमान सास्तूरच्या बाजूच्या एका गावात त्या रात्री गेले. चार वर्षांची मुलगी भिंतीच्या आणि कणगीच्या कोपऱ्यात वाचली. आम्ही तेव्हा सातवी-आठवीत होतो.

मावशीच्या गळ्यात जोंधळी पोत होती. ती तिला माहेराने घातलेली. प्रेत काढताना पोत तुटलेली होती आणि दोन-तीनच मणी पदरात अडकलेले होते. आजी दहाव्या दिवसानंतर त्या ढिगाऱ्यावर जाऊन बसली. पाऊस झाला होता, मातीचा चिखल झाला होता. ती माती घमेल्यात घ्यायची, पाण्यात कालवायची, हाताने निवळायची, उरलेली रेव चाळणीत धरायची. सोनारांच्या दुकानातील राख आणि झाडण धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी असत. पूर्व विदर्भात नदीची वाळू धुऊन सोने वेचणारे सोनझरी लोक आहेत. आजीने यांपैकी कोणाला पाहिले नव्हते. धान्यातले खडे काढावेत तसे ती खड्यांतून मणी काढत होती. लोकांनी तिला हावरी म्हटले. सरकारी माणसे येऊन गेली, पुढारी येऊन गेले, ती उठली नाही. एकवीस दिवसांत एक्कावन्न मणी सापडले. मूळ किती होते ते कोणालाच माहीत नव्हते.

मग मालकीचा प्रश्न आला. मावशीच्या दिरांचे म्हणणे, मणी त्यांच्या घराच्या मातीत सापडले. आजीचे म्हणणे, पोत माहेरची. कायद्याने पाहिले तर प्रश्न उद्भवतच नव्हता. १९५६ च्या वारसा कायद्यानुसार स्त्रीची मालमत्ता आधी तिच्या अपत्यांकडे आणि पतीकडे जाते. पती उरला नव्हता, म्हणून सारे मणी त्या चार वर्षांच्या मुलीचे. परंतु कायदा कोणी विचारला नाही. चार शहाणी माणसे बसली, सोनाराने वजन केले, तोळ्याहून थोडे अधिक भरले. सव्वीस मणी दिरांकडे, पंचवीस आजीकडे. दोघांनीही पोरीच्या लग्नासाठी ठेवायचे. मुलगी चुलत्यांच्या घरी वाढली. तिकडचे सव्वीस मणी एका दुष्काळी वर्षी बियाण्यात गेले असे आम्ही ऐकले. इकडचे पंचवीस आजीने २००४ मध्ये, जाण्यापूर्वी, नातीच्या हाती दिले : ‘पोरीचं आहे. तिच्या लग्नात दे.’

२०११ मध्ये तिचे लग्न झाले. आम्ही गेलो, साडी दिली, पाकीट दिले. मणी दिले नाहीत. का दिले नाहीत, याची कारणे आम्ही तेव्हा एकमेकांना सांगितली होती : चुलते घेतील, सासरचे मोडतील, थोडी स्थिरस्थावर होऊ दे. ती खोटी नव्हती. पण नंतरच्या वर्षांत सोन्याचा भाव वाढत गेला तशी ती कारणेही आपोआप बळकट होत गेली, आणि पुढे इतकी वर्षे दिले नाहीत हेच न देण्याचे कारण होऊन बसले. जमिनीवर बारा वर्षे उघड कब्जा राहिला तर मूळ मालकाचा दावा संपू शकतो. मण्यांना ते कलम लागू नाही एवढेच.

हे सांगितल्यावर जोन्नगिरीच्या मालकीविषयी आम्ही न्यायाधीशाच्या आवाजात बोलू शकत नाही. तरी सांगतो. या खाणीचे भांडवल मोठे नाही, अपेक्षित उत्पादनही वर्षाला साडेसातशे किलो, असे २०२३ मध्ये जाहीर झाले होते. खाणपट्टा २०१३ मध्ये मिळाला. तो जिओमायसोर सर्व्हिसेस या कंपनीच्या नावे आहे. तिचे चाळीस टक्के भाग तेव्हा डेक्कन गोल्ड माइन्स या कंपनीकडे होते, आणि डेक्कन गोल्डचे भाग मुंबईच्या शेअरबाजारात कोणालाही विकत घेता येतात. म्हणजे कर्नूलच्या त्या शेतात कधी पाऊल न टाकलेला डोंबिवलीचा एखादा निवृत्त कारकून त्या खडकाचा अत्यल्पांश मालक असू शकतो. बल्लारीच्या त्या बाई नाहीत. शेतकरी? त्याची माती त्याची आहे. मातीखालचे सोने कोणाचे, यावर आपल्या देशात एकच उत्तर नाही. महाराष्ट्रात १९६६ च्या जमीन महसूल संहितेने खनिजांचा हक्क राज्य सरकारकडे ठेवला आहे. आपल्याच विहिरीतला मुरूम विकायचा तर स्वामित्वधन भरावे लागते हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको. पण २०१३ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलबारच्या जमिनींच्या खटल्यात म्हटले, की कायद्याने रीतसर काढून घेतले नसेल तर जमिनीखालील खनिजही सामान्यतः जमीनमालकाचेच. हे वाचून आम्हांला आनंद झाला. नंतर लक्षात आले, की खनिज आपले असले तरी ते काढण्याची परवानगी १९५७ च्या केंद्रीय कायद्याखाली सरकारच देणार. आपले, पण हात लावायचा नाही.

मग शोधणाऱ्याचे काय? अनु घोष आणि बीडन यांना लेखांवर हक्क नको होता, म्हणून त्यांची नावे राहिली. सोने शोधणाऱ्याला हक्क हवा असतो, आणि तो बराच काळ मिळत असे : ज्याने शोधले त्याचा खाणपट्ट्यासाठी अग्रक्रम. २०१५ मध्ये कायदा बदलला आणि पट्टे लिलावाने देण्याचे ठरले. जुन्या शोधकांचे प्रलंबित अर्ज काही काळ तगले. २०२१ च्या दुरुस्तीने तेही रद्दबातल झाले. हावेरी जिल्ह्यातील गणजूरचे सोने याच डेक्कन गोल्डने वर्षानुवर्षे शोधले, मोजले. पट्टा हाती पडण्याआधी अर्ज व्यपगत झाला. जोन्नगिरीचा पट्टा आधी मिळाला म्हणून वाचला. लिलावाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. सार्वजनिक संपत्ती ओळखीपाळखीने वाटली जाऊ नये, हे आम्हांलाही पटते. पण ढिगाऱ्यावर एकवीस दिवस बसलेल्या बाईला, मणी आता बोलीने विकले जातील असे सांगावे, तसे काहीसे त्यात आहे.

ओळखीपाळखीच्या वाटपाचा इतिहास तर आमच्या घरचाच आहे. आजचा मराठवाडा, रायचूर, हट्टी, मस्की हे सारे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. १८८६ मध्ये निजामाच्या राज्यातील खनिजांचा मक्ता लंडनच्या भांडवलदारांना देण्यात आला, त्यातून हैदराबाद (डेक्कन) कंपनी निघाली, आणि तिच्या शेअरांच्या व्यवहारात संस्थानचेच बडे अधिकारी अब्दुल हक यांनी हात धुऊन घेतल्याचे प्रकरण इतके गाजले, की १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली. जमिनीतून सोन्याचा कण निघण्याआधी लंडनमध्ये कागदावर सोने झालेले होते. हट्टीची खाण पुढे चालली, १९२० मध्ये बंद पडली, १९४७ मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स म्हणून नवी कंपनी झाली, आणि राज्यपुनर्रचनेनंतर तिचे नाव हट्टी झाले. आज ती कर्नाटक सरकारची आहे. खडक तसूभर हलला नाही; मालक निजाम, लंडन, हैदराबाद, म्हैसूर, कर्नाटक असे बदलले.

लंडन मात्र पुरते सुटलेले नाही. सोन्यावरचे स्वामित्वधन चार टक्के, आणि ते लंडनच्या सराफा बाजारातील भावावर मोजतात. साडेसातशे किलो सोने निघाले तर ढोबळमानाने तीस किलोंची किंमत सरकारची. २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांना त्याच्या तीस टक्के रक्कम वेगळी, जिल्हा खनिज प्रतिष्ठानासाठी, म्हणजे खाणीची झळ बसलेल्या गावांसाठी, भरावी लागते : नऊ किलोंची किंमत. २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निर्णय दिला, की स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिजयुक्त जमिनींवर राज्ये वेगळा कर बसवू शकतात. या सगळ्या वाटण्यांत चुलते आहेत, मामा आहेत, पंच आहेत. पोरीच्या लग्नासाठी ठेवलेला हिस्साही आहे. तो तिच्यापर्यंत पोहोचतो का, हा प्रश्न आम्ही कोणत्या तोंडाने विचारावा?

परतीच्या वाटेवर गुंतकलच्या बाजारात गाडीला वेळ होता म्हणून भटकत असताना एका बोळात अस्सल सांगलीकडची मराठी ऐकू आली. लहानसे दुकान, कोपऱ्यात भट्टी, मूस, चिमटे. गलाईचे दुकान. खानापूर, विटा, आटपाडीकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाला कंटाळून देशभरातील सराफकट्ट्यांवर सोने-चांदी आटवण्याचा हा धंदा करतात, हे वाचून माहीत होते, पाहिले प्रथमच. मराठी ऐकून दुकानदारांनी बसवून घेतले, चहा मागवला. विट्याजवळचे होते, वडिलांच्या वेळेपासून आंध्रात. जोन्नगिरीची खाण त्यांना ठाऊक होती, पण तिच्याविषयी फारसे कुतूहल नव्हते. त्यांच्याकडे येणारे सोने जमिनीतून आलेले नसते, ते घरांतून आलेले असते : मोडलेली बांगडी, तुटलेली साखळी, गहाण सुटल्यावर लगेच विकलेले डोरले.

का कोण जाणे, आम्ही त्यांना मण्यांविषयी सांगितले. नाव-गाव न सांगता, एखाद्या दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसे. त्यांनी विचारले, ‘हाताचे आहेत का साच्याचे?’ हाताचे असावेत, आम्ही म्हणालो. ‘मग आटवू नका,’ ते म्हणाले. ‘एकदा मुशीत गेलं की कुणाचं कुठलं ते सांगता येत नाही. दहा घरचं एकत्र होतं. आता आम्ही आधार कार्ड मागतो, पण ते माणसाचं, सोन्याचं नाही.’ मग त्यांनी आमच्याकडे जरा निरखून पाहिले आणि विचारले, ‘ज्याचे आहेत तो आहे का?’

आहे, आम्ही म्हणालो.

घरी आल्यावर चार दिवस गेले. पाचव्या दिवशी आम्ही तिला फोन लावला. ती आता हडपसरला असते, तिला दोन मुले आहेत. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर मण्यांचे सांगितले. आजीने दिले होते, लग्नात द्यायचे राहिले, हे सगळे. ‘राहिले’ हाच शब्द आमच्या तोंडून गेला. पलीकडे बराच वेळ मुलांचा आवाज तेवढा येत राहिला.

‘ताई, मला त्याचं काय करायचंय आता,’ ती म्हणाली. ‘ठेवा तुमच्याकडंच.’

आम्ही काही बोललो नाही. ती फोन ठेवील असे वाटले.

‘किती मणी हायेत?’ तिने विचारले.